कॉलेज टाळून थेट व्यावसायिक बास्केटबॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए (अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक बास्केटबॉल लीग), तिथली कॉलेजं आणि परदेशी लीग यांचे नियम एकमेकांत बरेच गुंतलेले आहेत. एका ठिकाणी घाईत केलेल्या सहीमुळे दुसरीकडची पात्रता जाऊ शकते. इथली उत्तरं मुख्यतः अमेरिकेतल्या मुलांच्या बास्केटबॉलबद्दल आहेत. भारतीय खेळाडू आणि पालकांसाठीचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

शाळा संपली की थेट एनबीएच्या ड्राफ्टमध्ये नाव देता येतं का?

नाही. ड्राफ्ट म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी दोन फेऱ्यांत, क्रमाने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. २००६ च्या ड्राफ्टपासून दोन अटी लागू आहेत. पहिली अट अशी की ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. दुसरी अट अमेरिकी खेळाडूंसाठी आहे : त्याच्या वर्गाची शाळा संपल्यानंतर एनबीएचा किमान एक हंगाम पार पडलेला असायला हवा.

लोकांची गल्लत पहिल्या अटीत होते. ड्राफ्टच्या दिवशी १९ वर्षं पूर्ण असावी लागत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतं. कूपर फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. जून २०२५ मध्ये डॅलसने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो १८ वर्षांचाच होता. त्याने शाळा एक वर्ष आधी उरकून ड्यूक विद्यापीठात प्रवेश घेतला होता. वाढदिवस दहा-बारा दिवस पुढे असता, तर सगळं गणित एका वर्षाने लांबलं असतं.

मग कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट कसे गेले?

तेव्हा हा नियम नव्हता. त्याआधीचा नियम उलट टोकाचा होता : शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेशच नव्हता. स्पेन्सर हेवूडने त्याविरुद्ध खटला लढवला आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने निर्णय लागला. प्रतिस्पर्धी एबीए लीगमधल्या युटा स्टार्सने १९७४ मध्ये मोझेस मलोनला शाळेतूनच उचललं. पुढच्या वर्षी डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी थेट एनबीएत आले.

त्यानंतर वीस वर्षं या वाटेने कुणी आलं नाही. १९९५ मध्ये मिनेसोटाने केव्हिन गार्नेटला पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि पुन्हा सुरुवात झाली. १९९६ मध्ये कोबी ब्रायंट तेराव्या आणि जर्मेन ओ'नील सतराव्या क्रमांकावर गेले, १९९७ मध्ये ट्रेसी मॅकग्रेडी नवव्या. २००१ मध्ये क्वामे ब्राउन हा पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला शाळकरी खेळाडू ठरला. २००३ मध्ये लेब्रॉन आला. त्याचा बुटांचा सुमारे ९ कोटी डॉलरचा करार तर ड्राफ्टच्या आधीच झाला होता. २००५ च्या ड्राफ्टमध्ये ५६ व्या क्रमांकावर गेलेला अमीर जॉन्सन हा या काळातला शेवटचा.

त्या मुलांपैकी बहुतेक यशस्वी झाले की वाया गेले?

दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीची नावं सांगतात. १९९५ ते २००५ मध्ये सुमारे चाळीस मुलं शाळेतून निवडली गेली. त्यांत गार्नेट, कोबी, लेब्रॉन आणि ड्वाइट हॉवर्डसारखे मोठे खेळाडू आहेत. शिवाय रशार्ड लुईस, मोंटा एलिस, लू विल्यम्स यांच्यासारखे दुसऱ्या फेरीत जाऊनही लांब टिकलेलेही बरेच आहेत. एखाद्या चार वर्षं कॉलेज केलेल्या तुकडीशी तुलना केली तरी हा हिशेब वाईट दिसत नाही.

पण हा हिशेब फक्त निवडल्या गेलेल्यांचा आहे. १९९६ मध्ये टाज मॅकडेव्हिडने नाव दिलं, त्याला कुणीच घेतलं नाही. २००२ मध्ये लेनी कुकचं तेच झालं. देशातल्या अव्वल शाळकरी खेळाडूंत गणला गेलेला हा मुलगा एजंटशी करार करून बसला होता, त्यामुळे कॉलेजची वाटही बंद झाली होती. कोर्लिओन यंगला १९९८ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या फेरीत घेतलं, तो एनबीएत एकूण ३ सामने खेळला. आमच्या मते शाळेतून येण्यापेक्षा पगाराची हमी नसलेल्या जागेवर येणं ही खरी अडचण होती, आणि ती आजही तशीच आहे.

नियम बदलण्यामागे मुलांचं शिक्षण हे कारण होतं का?

थोडंफार बोलायला. मुख्य कारण व्यवहाराचं होतं. शाळेच्या जिममध्ये आपल्यापेक्षा वीतभर बुटक्या मुलांविरुद्ध खेळणाऱ्याला पाहून कोट्यवधी डॉलरचा निर्णय घेणं संघांना जड जात होतं. एक वर्ष वरच्या पातळीवर पाहायला मिळालं की चूक कमी होते, शिवाय कॉलेजच्या टीव्हीवर खेळाडूचं नाव फुकटात मोठं होतं. ही अट लीग आणि खेळाडूंच्या संघटनेमधल्या सामूहिक कराराचा भाग आहे, त्यामुळे एकट्या खेळाडूने कोर्टात जाऊन ती मोडणं फार कठीण. अमेरिकन फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेटने तसा प्रयत्न २००४ मध्ये केला आणि तो हरला. २०२३ च्या करारातही १९ ची अट कायम राहिली.

ते मधलं एक वर्ष कॉलेजशिवाय कुठे काढता येतं?

आतापर्यंत वापरल्या गेलेल्या वाटा अशा :

परदेशी क्लब. २००८ मध्ये ब्रँडन जेनिंग्ज रोमच्या क्लबकडे गेला. २०१४ मध्ये इमॅन्युएल मुडिए चीनमध्ये ग्वांगडोंगकडे गेला.

ऑस्ट्रेलियाची एनबीएल. २०१८ मध्ये तिने 'नेक्स्ट स्टार्स' योजना सुरू केली. तिच्यात करार लीग करते आणि खेळाडू एका क्लबला दिला जातो, त्यामुळे पगार बुडण्याची भीती कमी. लामेलो बॉल, आर. जे. हॅम्प्टन, जॉश गिडी आणि २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला अलेक्स सार हे सगळे यातून आले.

जी लीग. एनबीएची ही दुय्यम लीग १८ व्या वर्षी घेते. पण साधा पगार पाच महिन्यांच्या हंगामाला साधारण ४० ते ४५ हजार डॉलर.

ओव्हरटाइम एलिट. अटलांटातली ही अकादमी-लीग २०२१ मध्ये सुरू झाली. वर्षाला किमान १ लाख डॉलर, आणि खेळाडू व्यावसायिक झाला नाही तर शिक्षणासाठी आणखी १ लाख, असा तिचा मूळ प्रस्ताव होता. एमन आणि ऑसार थॉम्प्सन हे जुळे भाऊ २०२३ मध्ये चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले ते इथूनच.

काहीच न खेळता सराव. डॅरियस बेझलीने सिराक्यूज विद्यापीठात जायचं सोडलं, एका बूट कंपनीत इंटर्नशिप घेतली आणि २०१९ मध्ये तो २३ व्या क्रमांकावर गेला. कंपनीने पाच वर्षांसाठी किमान १० लाख डॉलरची हमी दिली होती म्हणून हे जमलं. अशी हमी हातात नसेल तर हा मार्ग धरू नये.

शाळेतच एक जादा वर्ष. पोस्टग्रॅज्युएट वर्ष केलं की दुसरी अट आपोआप पूर्ण होते. थॉन मेकर २०१६ मध्ये आणि अँफर्नी सायमन्स २०१८ मध्ये असेच आले. सतनाम सिंगही असाच, त्याच्याबद्दल खाली.

परदेशी क्लबमध्ये नेमकं काय बिघडतं?

मिनिटं. वरिष्ठ लीगमध्ये कोचची नोकरी दर आठवड्याच्या निकालावर असते. १८ वर्षांच्या पाहुण्याला घडवण्यासाठी तो सामना पणाला लावत नाही. शिवाय हा मुलगा आठ-नऊ महिन्यांत निघून जाणार हे क्लबला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जेनिंग्जला रोममध्ये सामन्याला साधारण १७ मिनिटं मिळाली आणि सरासरी साडेपाच गुण. तरी २००९ मध्ये मिलवॉकीने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने एका सामन्यात ५५ गुण केले. म्हणजे इटलीतले आकडे त्याच्या कुवतीचे नव्हते, भूमिकेचे होते. प्रत्येक स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) इतक्या समजुतीने आकडे वाचत नाही.

दुसरं, दुखापत. छोट्या हंगामात घोटा मुरगळला की दाखवायला सामनेच उरत नाहीत. मुडिएचा बहुतेक हंगाम घोट्याने खाल्ला. लामेलो ऑस्ट्रेलियात १२ च सामने खेळला, पण चेंडू सतत त्याच्या हातात होता, म्हणून ते १२ पुरले आणि तो तिसरा गेला. हॅम्प्टनची भूमिका छोटी होती, कंबरेच्या सांध्याची दुखापत झाली आणि तो २४ व्या क्रमांकापर्यंत घसरला.

तिसरं, वय. जेरेमी टायलर २००९ मध्ये शाळेचं शेवटचं वर्ष सोडून इस्रायलमध्ये माकाबी हैफाकडे गेला आणि हंगाम अर्धवट टाकून परतला. पुढे टोकियोतून खेळून २०११ मध्ये तो ३९ वा गेला. परक्या देशात एकटं राहणारं सतरा वर्षांचं पोर, न कळणारी भाषा, बेंचवर बसलेले आठवडे : सोबत घरचं मोठं माणूस नसेल तर हे ओझं खेळावर उतरतंच.

जी लीग इग्नाइट बंद का झाली?

२०२० मध्ये एनबीएने खास याच मुलांसाठी हा संघ काढला. जेलन ग्रीनला सुमारे ५ लाख डॉलर मिळाले आणि २०२१ मध्ये तो दुसरा गेला. २०२३ मध्ये स्कूट हेंडरसन तिसरा गेला. पण १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांतून कमावायची मुभा मिळाली. याला तिकडे एनआयएल म्हणतात. जे पैसे फक्त इग्नाइट देऊ शकत होती ते कॉलेजातही मिळू लागले, वर भरलेली मैदानं आणि मार्चमधली मोठी स्पर्धा. २०२३-२४ चा हंगाम शेवटचा ठरला. शेवटी शेवटी संघ इतका हरत होता की चांगल्या खेळाडूंचीही किंमत कमी झाली, असं आमचं मत.

मग आज पैशासाठी कॉलेज सोडण्यात अर्थ आहे का?

वरच्या पंचवीस-तीस मुलांसाठी जवळजवळ नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार २०२५-२६ मध्ये एक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं, आणि जाहिरातींचे पैसे त्याच्या बाहेर. त्यामुळे प्रवाह उलटा झाला आहे. रिआल माद्रिदच्या तालमीत वाढलेला येगोर डेमिन अमेरिकेत बीवाययू विद्यापीठात आला, बार्सिलोनातून कास्पारास याकुचोनिस इलिनॉयला आला आणि २०२५ मध्ये दोघेही पहिल्या फेरीत गेले.

कॉलेज टाळायची आज उरलेली कारणं वेगळी आहेत : अभ्यासाची पात्रता न जमणं, घरापासून जवळ चांगला क्लब असणं, किंवा वरिष्ठ पुरुषांमध्ये खेळण्याची खरीच तयारी असणं. ही कारणं पुरेशी असू शकतात. 'कॉलेजमध्ये पैसे नाहीत' हे मात्र आता कारण राहिलेलं नाही.

एकदा व्यावसायिक पैसे घेतले की कॉलेजला परत जाता येतं का?

पूर्वी याचं उत्तर ठाम नकार होतं. आता कॉलेज खेळांची संघटना एनसीएए प्रकरण पाहून ठरवते. २०२५ मध्ये जी लीग खेळलेल्या काही खेळाडूंनाही तिने परवानगी दिली. पण या भरवशावर सही करू नका. हे निर्णय वर्षागणिक बदलत आहेत, आणि खेळायची वर्षंही कापली जातात. बारावी संपल्यावर बास्केटबॉलमध्ये साधारण एक वर्षाची सवलत धरली जाते, त्यानंतर खेळलेला प्रत्येक संघटित हंगाम हिशेबात येऊ शकतो. करार, पगाराच्या पावत्या आणि क्लबने दिलेला राहण्या-जेवणाचा खर्च यांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे नेमकी तीच मागतात.

ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे पैसा पक्का ना?

पहिल्या फेरीत, हो. दुसऱ्या फेरीत, नाही.

पहिल्या ३० जणांचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो, संघ त्याच्या ८० ते १२० टक्के देऊ शकतो आणि बहुतेक १२० च देतात. पहिली दोन वर्षं हमीची. तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम खेळण्याआधीच, ३१ ऑक्टोबरपर्यंत, घ्यावा लागतो. म्हणजे नव्या खेळाडूला आपली लायकी दाखवायला हातात खरं तर एकच हंगाम मिळतो. तिसाव्या क्रमांकालाही पहिल्या वर्षी २५ लाख डॉलरच्या आसपास मिळतात.

दुसऱ्या फेरीतल्याला संघ काहीच द्यायला बांधलेला नसतो. बऱ्याच जणांना टू-वे करार मिळतो, म्हणजे एनबीए संघ आणि त्याची जी लीग शाखा दोन्हीकडे खेळायचा. २०२५-२६ मध्ये त्याचे सुमारे ६ लाख ३६ हजार डॉलर, नव्या खेळाडूच्या किमान पगाराच्या निम्मे. संघाला असे तीन ठेवता येतात, एनबीएचे जास्तीत जास्त ५० सामने, आणि करार बदलल्याशिवाय प्लेऑफमध्ये खेळता येत नाही. त्याखाली 'एक्झिबिट टेन' : सराव शिबिराचं आमंत्रण, वगळलं तर त्याच संघाच्या जी लीग शाखेत ६० दिवस राहिल्यास बोनस.

बातमीत १२ लाख ७० हजार डॉलर छापून आले. हातात किती येतात?

२०२५-२६ चा नव्या खेळाडूचा किमान पगार धरून ढोबळ हिशेब करू. १० टक्के, म्हणजे १ लाख २७ हजार, लीग राखून ठेवते. उत्पन्नाचा हिशेब झाल्यावर त्यातलं काही परत येतं किंवा येत नाही. किमान पगारावर एजंट २ टक्के घेऊ शकतो, ते २५ हजार. केंद्रीय प्राप्तिकर सुमारे सव्वाचार लाख. मेडिकेअर आणि सोशल सिक्युरिटी मिळून ४० हजारांच्या आत-बाहेर. टेक्सास किंवा फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, तरी हातात साडेसहा लाखच. कॅलिफोर्नियात तेच सव्वापाच लाखांवर येतात. शिवाय पाहुणा संघ म्हणून ज्या राज्यात खेळाल तिथला कर वेगळा, त्यामुळे वर्षाला डझनभर विवरणपत्रं भरावी लागतात.

पगार सहसा १ आणि १५ तारखेला येतो आणि पहिला हप्ता १५ नोव्हेंबरला. जूनमध्ये निवड झालेला मुलगा नोव्हेंबरपर्यंत उधारीवर जगतो, आणि गाडी-दागिन्यांची कर्जं नेमकी याच पाच महिन्यांत होतात.

एजंट कसा पारखायचा?

एनबीएसाठी खेळाडू संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, ते आधी पाहा. कमिशनची कमाल मर्यादा ४ टक्के. त्याहून जास्त मागणारा किंवा 'मार्केटिंग'च्या नावाखाली पगारावरच दुसरा वाटा लावणारा माणूस नको. आगाऊ पैसे देणारा तर मुळीच नको : ते कर्ज असतं आणि पात्रता घालवतं. एकच प्रश्न विचारा : गेल्या तीन वर्षांत तुमचे किती खेळाडू दुसऱ्या फेरीत किंवा ड्राफ्टबाहेर राहिले आणि आज ते कुठे खेळतात? पहिल्या दहातल्या मुलासाठी कुठलाही एजंट चालतो, त्याची खरी कसोटी पंचेचाळिसाव्या क्रमांकावर लागते.

परदेशी क्लबच्या करारात काय तपासायचं?

पगार करानंतरचा लिहिला आहे का. तारखा आणि चलन. घर, विमानाची तिकिटं, विमा. वैद्यकीय तपासणी पोहोचल्यावर किती तासांत होईल आणि त्यानंतर करार पक्का धरला जाईल का. हे मोघम ठेवलं की क्लब दोन आठवडे खेळवून 'तपासणीत नापास' म्हणून परत पाठवू शकतो. हप्ता ठरावीक दिवसांपेक्षा लांबला तर सराव थांबवायचा आणि करार मोडायचा हक्क. एनबीएत जाण्यासाठी सुटका, तिची तारीख आणि रक्कम. ही रक्कम फुगलेली असेल तर अडचण होते, कारण एनबीए संघ दहा लाख डॉलरच्या आतली एक ठरावीक रक्कमच वेगळी देऊ शकतो, वरचे पैसे खेळाडूच्या खिशातून जातात.

आणि एक ओळ हवीच हवी : वाद झाल्यास जिनिव्हा इथल्या बास्केटबॉल लवादाकडे जाण्याचं कलम. ते करारात नसेल तर लवाद प्रकरण घेतच नाही. असेल आणि क्लबने निकाल मानला नाही, तर फिबा ही आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवू देत नाही. ज्या क्लबवर अशी बंदी आहे, तिथे जाऊच नका. १८ वर्षांखालच्या मुलांच्या एका देशातून दुसऱ्या देशात बदलीला फिबा अपवाद म्हणूनच परवानगी देते, हेही ध्यानात ठेवा.

युरोपातली मुलं कॉलेजशिवायच येतात, मग अमेरिकी मुलांना का जमत नाही?

तिथे मुलगा क्लबमध्येच वाढतो. लुका डॉन्चिच १३ व्या वर्षी रिआल माद्रिदकडे गेला, १६ व्या वर्षी पहिल्या संघात आला आणि २०१८ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून तिसऱ्या क्रमांकावर गेला. क्लबने त्याच्यावर जवळजवळ सहा वर्षं घातली होती. अमेरिकी मुलगा त्याच क्लबमध्ये आठ महिन्यांसाठी येतो.

भारतीय मुलासाठी यातलं काय लागू आहे?

नियमांत 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' ही वेगळी वर्गवारी आहे. अमेरिकेत शाळा किंवा कॉलेज न केलेला आणि किमान तीन वर्षं अमेरिकेबाहेरच राहून खेळलेला मुलगा १९ चा होत असलेल्या वर्षी नाव देऊ शकतो, ड्राफ्टच्या दहा दिवस आधीपर्यंत ते मागे घेऊ शकतो, आणि २२ व्या वर्षी आपोआप पात्र होतो. अमेरिकेत शाळेला घातलं की ही वर्गवारी जाते.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग १४ व्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. निवड झालेला तो पहिला भारतीय. तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही, जी लीगमध्ये राहिला. हमी नसलेल्या जागेबद्दल वर जे म्हटलं ते त्याला तंतोतंत लागू पडतं. पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग एनबीए अकादमी इंडियातून इग्नाइटच्या पहिल्या तुकडीत होता.

पुणे, नागपूर, नागपाडा इथल्या मुलांसमोरची खरी निवड बहुधा वेगळीच असते : बारावीनंतर रेल्वे किंवा पोलीस यांच्या क्रीडा कोट्यातली नोकरी, की अमेरिकेतली शिष्यवृत्ती. नोकरीत पगार, बढती, निवृत्तीपर्यंतची शाश्वती. पण खेळण्यासाठी पगार घेतला की कॉलेजच्या पात्रतेचा प्रश्न येतो, म्हणून नेमणूकपत्र स्वीकारण्याआधी निर्णय घ्या. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात आणि १६ मुख्य विषय मोजले जातात. बारावी पुन्हा दिली किंवा 'ड्रॉप' घेतला, तर ते वर्ष खेळाच्या घड्याळातून जाऊ शकतं.

विद्यार्थी व्हिसावर एनआयएलचे पैसे घेता येतात का?

इथे फार जपून. एफ-१ व्हिसावर अमेरिकेत परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि जाहिरातीचं चित्रीकरण हे काम धरलं जाऊ शकतं. काही खेळाडू हे काम अमेरिकेबाहेर उरकतात. केंटकी विद्यापीठाकडून खेळणाऱ्या, मूळ काँगोच्या ऑस्कर चिब्वेने २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला असताना तिथे असे करार पार पाडले. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं 'हो' पुरेसं नाही, स्थलांतर कायद्याचा स्वतंत्र वकील विचारा. व्यावसायिक खेळाडूचा पी-१ व्हिसा वेगळा असतो, त्यावर पगाराची अडचण नाही.

मुलींसाठीही हेच नियम आहेत का?

नाही, बरेच कडक आहेत. २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या लीगमध्ये, अमेरिकी मुलीला ड्राफ्टच्या वर्षात २२ पूर्ण व्हावी लागत किंवा कॉलेजची चार वर्षं झालेली असावी लागत, परदेशी खेळाडूला २० पुरत. त्यामुळे एका वर्षाची पळवाट इथे नव्हतीच. १८ व्या वर्षी कमवायचं तर युरोप किंवा ऑस्ट्रेलियातले क्लब, आणि तिथेही वरचा करारातला प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा तपासायचा.